तीन अडकलेल्या पुंगळ्या

दोरीवर एक लाल बाही वाळत होती. सदरा नव्हता, ब्लाउज नव्हता, दुसरी बाहीही नव्हती.

•

"आरामात, काका. घाई नाही."

•

पावती क्रमांक एकशे चौदा. बावीस बोअर रिव्हॉल्वर, जुनी, विलायती. चक्रीतली सहाही घरं घासून साफ केली. रिकाम्या पुंगळ्या बोटाने निघतात. वापरल्यावर तेलाच्या फडक्याने पुसणे. पाणी लावू नये. धा. तिर्लोटकर, साकीनाका, १२ सप्टेंबर १९८६.

•

"तीन दिस झाले, तुमी जेवतास कमी आणि घासतास जास्त. तां काय देवाचा तांब्या असा?"

•

छताला तीन भोकं. खाली सोफ्यावर चुन्याचे पोपडे.

भोकांची गोष्ट

सुरुवात भोकांपासून करणं सोपं.

मंगळवार, दोन डिसेंबर, दुपारचे तीन. मुलुंड पश्चिमेला तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये श्यामसुंदर खारकर जेवून आडवे झाले होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, अंगाने भरलेला, शिस्तीचा माणूस. बायको वसुधाबाई घाटकोपरला मुलीकडे गेलेल्या. बाहेरच्या खोलीत खुडबुड झाली. खारकरांनी कपाटातून वडिलांची रिव्हॉल्वर काढली आणि पडदा सारला.

दोन चोर. एकाच्या काखेत दागिन्यांचा डबा.

खारकरांनी छतावर तीन गोळ्या झाडल्या. चक्रीत ते तीनच काडतुसं भरून ठेवत, वडिलांची पद्धत होती ती. पहिला चोर पळाला. डबेवाला दारापर्यंत गेला, चौथ्यांदा घोडा ओढल्याचं नुसतं 'टक' ऐकलं आणि थांबला. वळून बघू लागला. खारकर चक्री बाजूला काढून पुंगळ्या बाहेर ढकलायची दांडी दाबत होते. दांडी अर्धी गेली आणि रुतली. आता पुंगळ्या निघेनात, चक्री मिटेना आणि अर्धवट अडकलेल्या दांडीमुळे मोकळ्या घरांत नवं काडतूसही नीट बसेना. खारकरांनी ती टेबलावर आपटली. गुडघ्यावर आपटली.

"आरामात, काका," चोर म्हणाला. "घाई नाही."

आणि हसला. हसतहसतच दाराबाहेरच्या पायऱ्या उतरला.

डबा गेल्याचं खारकरांना वाईट वाटलं. पण पोलिसात त्यांनी दोन तक्रारी दिल्या, एक चोराविरुद्ध आणि दुसरी, जास्त लांब, रिव्हॉल्वर दुरुस्त करणाऱ्या धाकू तिर्लोटकराविरुद्ध.

शुक्रवारपर्यंत

"मिस्त्री, तुला दुरुस्तीचा परवाना कोणी दिला रे?" सबइन्स्पेक्टर कुंडलिक दळवींनी धाकूच्या पुस्तकातली पावती क्रमांक एकशे चौदा टेबलावर ठेवली. "बोटाने निघतात म्हणे. हे बघ बोट. काढ."

धाकूने अंगठा लावला. दांडी ढिम्म हलली नाही.

"साहेब, मी दिली तेव्हा लोण्यासारखी चालत होती."

"मग तीन महिन्यांत लोण्याचं काय झालं?"

"कोणीतरी वापरलीय."

"खारकर लिहून देतात की सप्टेंबरपासून त्यांनी एकही गोळी झाडली नाही. कपाटाला कुलूप. रिटायर्ड ऑफिसर माणूस आहे तो. तू कोण?"

धाकू कोण हे धाकूलाही कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वीस वर्षं तो गिरणीत फिटर होता. संपात गिरणी गेली. मग एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याच्या हाताखाली चार वर्षं राबून त्याने हे काम उचललं. परवान्याच्या कागदासाठी किती चपला झिजल्या ते त्याचं त्यालाच ठाऊक. साकीनाक्याच्या शेडमध्ये त्याच्याकडे एक लेथ, एक शेगडी आणि तो कागद होता. कागद गेला तर लेथवर दुसऱ्यांचे नटबोल्ट कातत बसायचं, तेही मिळाले तर.

"पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा दे, तोवर परवाना इथेच राहील," दळवी म्हणाले. "नाहीतर परवाना रद्द करा म्हणून मी वर लिहितो. मुद्देमाल इथून हलणार नाही. व्हरांड्यात बाकावर बसून काय ते घास. हवालदार भीमराज लक्ष ठेवतील."

हवालदार भीमराज खोकले. त्यांचा घसा बसला होता.

मुलुंडच्या घरात

धाकूने आधी खारकरांचं घर गाठलं. खारकरांनी त्याला उभंच ठेवलं.

"तो हसला, तिर्लोटकर! माझ्या घरात, माझ्यासमोर! तुमच्या कामामुळे!"

"साहेब, मधल्या काळात कोणी मित्र, नातेवाईक—"

"कपाटाची किल्ली माझ्या घराबाहेर जात नाही. उलटतपासणी करायला आलात काय?"

वसुधाबाई चहा घेऊन आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, ताठ. कप ठेवताना म्हणाल्या, "तुमचा परवाना खरंच जाईल का हो?"

"जाईल, बाई."

"यांच्या एका तक्रारीवर?"

"यांच्या सहीला वजन आहे. माझ्या नाही."

वसुधाबाईंनी बशीत सांडलेला चहा पदराने पुसला आणि आत गेल्या. चांगल्या साडीचा पदर, आणि त्याने चहा. धाकूला ते विचित्र वाटलं, पण तो इतका वैतागला होता की तिकडे लक्ष द्यायला डोकं जागेवर नव्हतं.

मागच्या अंगणात कामवाली मालन कपडे वाळत घालत होती. वर म्हटलेली ती लाल बाही तिथलीच. हाताइतकी लांब, अरुंद, वरच्या टोकाला इलॅस्टिक.

"हे काय गं?"

"मला काय ठावं, दादा? बाई स्वतः धुतात ते. मी हात लावला तर ओरडतात."

"घरात कोण येतं जातं?"

"कोण नाय. ताई येते घाटकोपरवरनं, क्षमाताई. शाळेत पीटी शिकवते. साहेब सकाळी बाजारात, दुपारी झोप, संध्याकाळी बाग. बाई रविवारच्या भजनाला जातात."

"दर रविवारी?"

"एक सोडून एक. सकाळी सातला जातात ते ऊन उतरल्यावर येतात. टाच दुखते ना, म्हणून भजनाला कॅनव्हासचे बूट घालून जातात." मालन हसली. "देवाला काय, चप्पल काय नि बूट काय."

धाकू हसला नाही. त्याला चोर, बूट, भजन, कशातच रस नव्हता. त्याला पुंगळ्यांचं कोडं सोडवायचं होतं.

व्हरांडा

सोमवारी त्याने पुंगळ्या काढल्या. लाकडी काठी, लाकडी हातोडी, अर्धा तास. तिन्ही बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडच्या भागावर काळे ओरखडे होते. चक्रीच्या घरांत टॉर्च मारून बघितलं तर आत, अर्ध्याच्या जरा पुढे, कडक काळी कडी जमलेली. लांब काडतूस त्या कडीत पाचरीसारखं घुसलं होतं. बार उडाल्यावर पितळ फुगलं आणि तिथेच चिकटलं.

अशी कडी कशाने जमते हे धाकूला पाठ होतं. आखूड काडतुसांनी. आखूड पुंगळी जिथे संपते तिथून पुढे काजळी बसत जाते. एका-दोनाने नाही, पन्नास-साठ वेळा वापरली की. खारकरांकडे मात्र लांबच काडतुसं होती.

म्हणजे कोणीतरी आखूड वापरली. झालं! खुलासा तयार!

पण त्याने नळीत टॉर्च मारला आणि तोंडातून शिवी निघाली. पन्नास गोळ्या गेल्या असत्या तर नळीत शिशाचा थर हवा होता. थर नव्हता. तीन गोळ्यांपुरती करडी रेघ, बाकी त्यानेच सप्टेंबरात केलेली चकाकी.

काजळी आहे, पण गोळ्या गेलेल्या नाहीत.

आणि कडी तीनच घरांत. चक्रीवर कारखान्याची एक बारीक टिंबाची खूण होती. त्या खुणेपासूनची सलग तीन. उरलेली तीन कोरी.

मंगळवारी त्याने रॉकेल लावलं. पितळी ब्रश फिरवला. कडी चिवट, डांबरासारखी. ब्रशचे केस वाकले. बुधवारी थिनर. काही नाही. घरी बायको, रुक्मिणी, बोलायची थांबेना.

"माका एक सांगा, गिरण बंद पडली तेव्हा तुमी इतके तापलास नाय."

"तेव्हा माझी चूक नव्हती."

"आणि आता असा?"

"तेच तर कळत नाही ना!"

गुरुवारी सकाळी ब्रशची दांडीच मोडली. धाकूने चक्री बाकावर आदळली. शेजारी हवालदार भीमराजांचा गुळण्यांसाठी आणलेला कढत पाण्याचा ग्लास होता. तो कलंडला आणि सगळं पाणी चक्रीवर.

"अरे माझं पाणी!"

"अरे माझी चक्री!" धाकू ओरडला. जुन्या लोखंडावर पाणी! म्हाताऱ्या उस्तादाने कानफटात मारली असती. त्याने चक्री उचलली, झटकली आणि तसाच थांबला.

एका घरातून शाईसारखं काळं पाणी ओघळत होतं. जे रॉकेलला हटलं नाही, थिनरला हटलं नाही, ते कढत पाण्याबरोबर वाहत चाललं होतं. आणि वास आला. सडक्या अंड्याचा.

"कोणी काय खाल्लं रे इथे?" भीमराजांनी नाकाला रुमाल लावला.

पण धाकू तिथे नव्हताच. तो देवगडच्या वरच्या अंगाला, मामाच्या पडवीत होता. मामाकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. ती उडवली की मामा चुलीवर पाणी ठेवायचा. बंदुकीच्या काळ्या दारूच्या काजळीला तेल लावलं तर तिचं डांबर होतं, ती फक्त कढत पाण्याने निघते, हे मामाच्या घरात पोरासोरांनाही माहीत. आजकालच्या काडतुसांत ती दारू नसते. मग कशात असते?

"हवालदार," तो म्हणाला, "आवाज होतो, धूर होतो, पण गोळी नसते. असं काडतूस कुठे वापरतात?"

"सिनेमात," भीमराज म्हणाले. मग घसा खाकरून, "आणि आमच्या पोलीस स्पोर्ट्सला. शर्यत सोडायला."

क्षमा

घाटकोपरच्या शाळेच्या मैदानावर क्षमा शिट्टी गळ्यात घालून उभी होती. धाकूने सरळ विचारलं, "ताई, वडिलांची रिव्हॉल्वर तुम्ही शर्यतीला नेता?"

"वेडे आहात का?" तिने पिशवीतून बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या काढल्या आणि फाट्‌कन वाजवल्या. "शाळेच्या शर्यती याच्यावर सुटतात. पिस्तूल कोण देतंय आम्हाला?"

"मग पिस्तूल कुठे लागतं?"

"जिल्ह्याच्या, राज्याच्या स्पर्धांना. तिथे शेवटच्या रेषेवरचे घड्याळवाले आवाजाची वाट बघत नाहीत. आवाज उशिरा पोचतो. ते धूर दिसला की घड्याळ दाबतात."

"आणि तीनच काडतुसं का भरतात?"

"एक सुटायला. कोणी आधीच पळालं तर त्यांना परत बोलवायला दुसरं. तिसरं, त्यातलं एखादं फुसकं निघालं तर जवळ असावं म्हणून." ती बोलता बोलता थांबली. "तीनच भरतात असं मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही नाही. चक्रीने सांगितलं."

ऑफिसच्या भिंतीवर कुठल्याशा स्पर्धेचा फोटो होता. वाकलेल्या मुलींची रांग, मागे हात उंच केलेला एक माणूस. हातात पिस्तूल आणि त्या एकाच हाताला वेगळ्या कापडाची बाही.

"ती बाही लाल असते?"

"लांबून हात दिसावा म्हणून." क्षमाचा आवाज बारीक झाला. "मिस्त्री, तुम्ही आमच्या घरी गेला होता का?"

"गेलो होतो."

"बाबांना काही सांगितलंत?"

"सांगण्यासारखं तेव्हा काही नव्हतं."

तिने शिट्टी मुठीत दाबली.  तिने आणखी बोलायची गरजच नव्हती. खारकरांच्या मनगटावरही ती बाही चढली नसती. क्षमा राहायला घाटकोपरला, तिची बाही मुलुंडच्या दोरीवर कशाला वाळेल? उरलं कोण? एक रविवार सोडून एक, कॅनव्हासचे बूट घालून भजनाला जाणारं माणूस.

वसुधाबाई

खारकर संध्याकाळी बागेत गेले होते. धाकू या वेळी न विचारता खुर्चीवर बसला.

"कुठलं भजनी मंडळ, बाई?"

वसुधाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग कडी लावून समोर बसल्या.

"लग्नाआधी मी धावायचे," त्या म्हणाल्या. "नंतर नाही. सत्तर सालापासून शर्यती सोडते. आमच्या क्रीडा संघटनेचं पिस्तूल दोन वर्षांपूर्वी मोडलं, दुरुस्तीला कोणी पैसे देईना. बिनगोळीची ब्लँक काडतुसं मात्र डबाभर पडून होती. मुली वर्षभर मेहनत करतात आणि शिट्टीवर सुटल्या म्हणून त्यांच्या वेळा कोणी धरत नाही. सप्टेंबरात तुम्ही साफ करून दिलीत तेव्हा मी म्हटलं, घरात आहे की एक. यांची काडतुसं काढायची, परत आल्यावर घालून ठेवायची."

"खुणेपासून तीन."

"माणूस खुणेपासूनच मोजणार ना? हेही तसेच मोजतात."

"परत घालताना घट्ट नाही वाटली?"

"शेवटच्या वेळी अंगठ्याने दाबावी लागली. मला वाटलं, जुनी आहे."

"जुनी आहे!" धाकूचा बांध फुटला. "बाई, चार दिवस मी ब्रश मोडतोय! माझा कागद उद्या जातोय! काळी दारू वापरलीत तर कढत पाण्याने धुवायची, एवढी साधी गोष्ट! एका ग्लासात काम झालं असतं! वर तेल फासलंत, त्याचं डांबर झालं! कुणी सांगितलं होतं तेल लावायला?"

वसुधाबाई उठल्या. कपाटातून एक घडी केलेला कागद आणून त्याच्या हातात दिला. पावती क्रमांक एकशे चौदा, गिऱ्हाइकाची प्रत.

वापरल्यावर तेलाच्या फडक्याने पुसणे. पाणी लावू नये. धा. तिर्लोटकर.

"प्रत्येक वेळी पुसली," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंय तशी."

धाकूने खालचं स्वतःचं नाव पुन्हा वाचलं आणि कागदाची घडी घातली.

"दुसऱ्याचं हत्यार बाहेर नेणं म्हणजे तुरुंग आहे, बाई," धाकू शेवटी म्हणाला.

"माहीत आहे. उद्या मी येते पोलीस स्टेशनात. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

"काय लिहू? तुमचं नाव लिहिलं तर तुम्ही आत. नाही लिहिलं तर मी रस्त्यावर."

"मग लिहा नाव."

त्याला तिचा भयंकर राग आला. ती रडली असती, हात जोडले असते, तर नाव लिहिणं सोपं गेलं असतं.

शुक्रवार

दळवींनी खुलासा मोठ्याने वाचला. समोर खारकर, शेजारी वसुधाबाई, दाराशी धाकू.

"'चक्रीच्या तीन घरांत आखूड, बिनगोळीची, काळ्या दारूची काडतुसं बऱ्याच वेळा उडवलेली आहेत. नळीत शिसं नाही. एक घर कढत पाण्याने आपोआप साफ झालं, हवालदार भीमराज साक्षीदार. उरलेल्या दोन घरांत साहेबांनी स्वतः पाणी घालून बघावं. सप्टेंबरच्या दुरुस्तीत दोष नव्हता.'"

भीमराजांनी कढत पाणी आणलं. दळवींनी स्वतः ओतलं. काळा ओघळ टेबलभर पसरला. दळवींनी पुसायच्या लांब काडीला गुंडाळलेलं फडकं आतून फिरवलं, लांब काडतुसाची रिकामी पुंगळी घरात सोडली आणि दांडी एका बोटाने दाबली. टुणकन बाहेर.

"बोटाने निघते," ते पुटपुटले. मग धाकूकडे वळले. "उडवली कोणी?"

"ते चक्री सांगत नाही, साहेब."

"तू सांग."

"मी पुंगळ्यांचा माणूस. माणसांचा नाही."

"हे सगळं खोटं आहे!" खारकर उसळले. "ब्लँक? माझ्या कपाटातून? त्या कपाटाची किल्ली माझ्याशिवाय फक्त—"

वाक्य तिथेच राहिलं.

वसुधाबाईंनी तोंड उघडलं. खारकरांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. धाकूला तो हात दिसला. आधी दाबून धरलेला, मग नुसता ठेवलेला. खारकरांच्या चेहऱ्यावर एकामागून एक रविवार सरकत होते. त्यांनी मान खाली घातली ती थेट बायकोच्या पायांपर्यंत. तिथे आज चप्पल होती.

"मी तक्रार मागे घेतो," ते म्हणाले.

"आणि ब्लँक?"

"माझं हत्यार, माझी जबाबदारी. वापर माझ्या हातून झाला असं लिहा."

"तुम्ही शर्यती सोडता?" पोलीस स्पोर्ट्समधली ब्लँक आठवून दळवींनी त्यांच्या पोटाकडे बघितलं.

"लिहा, साहेब."

दळवींना हे पटलं नाही, पण कागद पुरा होत होता. निष्काळजीपणाबद्दल खारकरांची रिव्हॉल्वर जमा झाली, कायमची. धाकूचा परवाना त्याला परत मिळाला, चहाचा डाग पडलेला. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण व्हरांड्यातून जाताना त्याने वसुधाबाईंना विचारलं, "आता शर्यती?" आणि त्या म्हणाल्या, "शिट्टी आहे की."

शेडमध्ये जाऊन त्याने पावतीपुस्तकाच्या सगळ्या कोऱ्या पावत्यांवर छापलेलं 'पाणी लावू नये' खोडलं. हाताला पेटके येईपर्यंत खोडत होता, आणि राग कोणावर काढतोय हे त्याला समजत नव्हतं.

•

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या जूनमध्ये वसुधा श्यामसुंदर खारकर यांनी शर्यती सोडण्यासाठी स्वतःच्या नावाने रिव्हॉल्वरचा परवाना मागितला होता. अर्ज नामंजूर झाला. त्यावरचा शेरा: पतीकडे शस्त्र आहे, वेगळ्याची गरज दिसत नाही.